ट्रायग्लिसराइड 520, एलडीएल कसं द्यायचं?

प्रश्न: उपाशीपोटीचा नमुना, सिरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) दुधाळ. एकूण कोलेस्टेरॉल 248, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 520 मिग्रॅ/डेलि. सूत्राने एलडीएल 110 येतं. तेच रिपोर्टमध्ये टाकावं का? टर्बिडिमेट्रीने (गढूळपणावरून मोजण्याची पद्धत) अपोबी (चरबी वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) केलं तर चालेल?

उत्तर 1: 110 अजिबात देऊ नका. फ्रीडवाल्ड यांचं 1972 चं सूत्र ट्रायग्लिसराइडला 5 ने भागून व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) काढतं, मग ते आणि एचडीएल एकूणातून वजा करतं. 400 च्या वर ते प्रमाण टिकत नाही: व्हीएलडीएल फुगतं, एलडीएल खोटं कमी दिसतं. रुग्ण नाहक निर्धास्त होतो. नॉन-एचडीएल (एकूण वजा एचडीएल) 214 मात्र खुशाल द्या.

उत्तर 2: अपोबी कराच. व्हीएलडीएल, एलडीएल आणि त्यांच्या मधलं आयडीएल, प्रत्येक कणावर अपोबी-100 चा एकच रेणू, म्हणजे कणांचीच मोजणी. अडचण दुधाळपणाची: तो स्वतःच प्रकाश विखुरतो. म्हणून बफर आणि नमुना मिसळल्यावर, अँटिसिरम (अपोबीला चिकटून गढूळपणा आणणारी प्रतिपिंडं) घालण्याआधी ब्लँक रीडिंग घ्या, ते नंतर वजा करायचं. मग 0.9% सलाईनने निम्मं पातळ करून पुन्हा चालवा. दुपटीने जुळलं नाही तर पहिला आकडा धरू नका. अँटिजेन (इथे अपोबी) जास्त झालं तरी गढूळपणा उलट घटतो, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर 3: थोडं सिरम वेगळ्या नळीत 4 अंशांवर रात्रभर उभं ठेवा, गोठवू नका. वर साय धरली तर कायलोमायक्रॉन (जेवणातली चरबी वाहणारे मोठे कण). खालचं गढूळच राहिलं तर व्हीएलडीएलही वाढलंय. एलडीएल हवंच असेल तर अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण वेगळे करणारं यंत्र) असलेल्या लॅबकडे पाठवा, 1.006 घनतेला व्हीएलडीएल वर तरंगतं, ते काढून खालचं मोजतात.