जुने डिजिटल एसएलआर आज पैसे मोजून घ्यावेत का? ५डी, डी७००, डी४० आणि तो 'सीसीडीचा रंग'

छायाप्रकाश

आधी मत मांडतो, मग कारणं. कॅननची पहिली ५डी (२००५), निकॉनची छोटी डी४० (२००६) आणि डी७०० (२००८) या बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे) आजही विकत घेण्याच्या लायकीच्या आहेत, आणि त्या केवळ स्वस्त मिळतात म्हणून नव्हे.

५डीचा फोटो ४३६८ बाय २९१२ पिक्सेलचा असतो. १२ बाय ३६ च्या लग्नाच्या अल्बमचं अर्धं शीट म्हणजे १२ बाय १८ इंच. तेवढ्यावर पूर्ण पसरवला तरी इंचाला २४२ पिक्सेल मिळतात, आणि हातात धरून बघायच्या पानाला ते भरपूर झाले. इन्स्टाग्रामसाठी तर फक्त १०८० पिक्सेल रुंदी लागते. मग २४ आणि ४५ मेगापिक्सेलच्या फाइली साठवायला हार्ड डिस्कवर खर्च कशासाठी?

दुसरं कारण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. डी७००चं मॅग्निफिकेशन ०.७२ आहे. स्वस्त क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ०.८५ लिहिलेलं दिसतं, पण सेन्सर दीडपट लहान म्हणून ते दीडने भागलं की ०.५७ उरतं. मॅन्युअल लेन्सने फोकस करताना हा फरक डोळ्याला लगेच कळतो.

तिसरं कारण निकॉनच्या जुन्या निक्कॉर लेन्स. ५० मिमी एफ/१.८डी किंवा ८५ मिमी एफ/१.८डी निकॉनच्या आजच्या मिररलेस झेड बॉडीला एफटीझेड अडॅप्टरने लावल्या तर ऑटोफोकस चालत नाही, कारण फोकस फिरवणारी मोटर ना लेन्समध्ये आहे ना अडॅप्टरमध्ये. डी७००च्या बॉडीत ती आहे. शिवाय जुन्या एआय (हाताने फोकस करायच्या) लेन्सची फोकल लेंग्थ आणि कमाल अ‍ॅपर्चर मेनूत भरलं की मीटरिंगही (उजेडाची मोजणी) मिळतं. अशा नऊ लेन्सची नोंद ठेवता येते.

आणि शेवटचं: डी४०, डी२००, ऑलिंपस ई-१ यांतल्या सीसीडीचे (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे) रंग. त्वचा आणि निळं आकाश त्यांत जसं येतं तसं नव्या सीमॉस सेन्सरमध्ये येत नाही, असं माझं मत आहे.

कच्ची_फाइल

पहिल्या तीन मुद्द्यांवर वाद घालता येईल, पण चौथा साफ चुकीचा आहे. या एका समजापायी लोक १० मेगापिक्सेलच्या बॉडीला वाट्टेल ती किंमत देतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सिलिकॉनला रंग कळत नाही. फोटॉन आला की इलेक्ट्रॉन सुटतो, इतकंच. सीसीडीत ते चार्ज रांगेने सरकवत बाहेर आणून एका ठिकाणी मोजतात, सीमॉसमध्ये प्रत्येक पिक्सेलजवळच त्याचं व्होल्टेज होतं. रंग ठरतो तो त्याच्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या थराने, इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेने आणि पुढे रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलने.

उदाहरण लायका एम८चं घ्या. २००६ चा कोडॅक सीसीडी. त्यावरची इन्फ्रारेड अडवणारी काच फारच पातळ ठेवली होती, त्यामुळे काळं सिंथेटिक कापड जांभळट यायचं. लायकाने ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन यूव्ही-आयआर फिल्टर फुकट दिले आणि काळं पुन्हा काळं दिसू लागलं. सेन्सर तोच, चार्ज वाचायची पद्धत तीच, फक्त पुढे एक काच वाढली.

पडताळायचं असेल तर असं करा. एकच लेन्स, एकच उजेड. डी२०० आणि कुठलीही नवी निकॉन बॉडी घ्या, दोन्हींनी २४ चौकटींच्या कलरचेकरचा (रंगांच्या ठरलेल्या तक्त्याचा) रॉ फोटो काढा. करड्या चौकटीवर व्हाइट बॅलन्स घ्या, दोन्हींसाठी स्वतंत्र डीसीपी प्रोफाइल (रंगदुरुस्तीची फाइल) बनवा आणि मग त्वचेचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. उरलेला फरक स्लायडरच्या दोन घरांइतका असेल. दोन जेपेग शेजारी ठेवून जो फरक दिसतो तो कंपनीने त्या वर्षी ठरवलेल्या टोन कर्व्हचा (उजळ-गडदपणाच्या मांडणीचा) असतो.

छायाप्रकाश

प्रोफाइलचा मुद्दा मान्य. पण कितीजण कलरचेकर घेऊन फिरतात? बहुतेकांना कॅमेऱ्यातून जे जेपेग थेट मिळतं तेच वापरायचं असतं. मग तो कर्व्ह हा त्या कॅमेऱ्याचाच गुण झाला, आणि तो गुण पैसे देऊन घेण्यात गैर काही नाही. 'सीसीडीमुळे' हा शब्द मी मागे घेतो, रंग आवडतात हे मत नाही.

मात्र सीसीडीचा एक फायदा निखळ तांत्रिक आहे. डी७० आणि डी४० मध्ये वेगवान शटर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालतं, सेन्सर एका क्षणी पूर्ण बंद होतो, म्हणून फ्लॅश १/५०० सेकंदालाही शटरशी जुळतो (सिंक होतो). आजच्या बऱ्याच बॉड्या १/२०० वर थांबतात. भर दुपारी अंगणात हळद चालू आहे असं धरा. आयएसओ २००, कडक ऊन: १/२०० ला एफ/१६ लागतं, १/५०० ला एफ/१० पुरतं. हा सव्वा स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक आहे, म्हणजे फ्लॅशला अडीचपट कमी ताकद लागते. छोटा फ्लॅश पुरतो, लवकर रिचार्ज होतो, तापत नाही. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरवर फ्लॅश चालवायची सोय) ताकद खाऊन हेच काम करतं.

ओली_हवा

हिशेब बरोबर आहे. पण इथे कोणी वयाबद्दल बोलत नाही, आणि आपल्याकडच्या हवेत तोच मुख्य प्रश्न आहे.

ऑक्टोबर २००५ मध्ये सोनीने जाहीर केलं की तिचे काही सीसीडी उष्ण आणि दमट हवेत निकामी होतात. आतल्या बारीक तारांची जोडणी सुटते आणि चित्र जांभळं, पट्ट्यापट्ट्यांचं किंवा पूर्ण काळं येतं. हे सीसीडी बऱ्याच कंपन्यांच्या कॉम्पॅक्टमध्ये (खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यांत) होते. मोफत दुरुस्तीचा काळ केव्हाच गेला. रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीत कपाटात पडून राहिलेला २००३-०४ चा कॉम्पॅक्ट घेताना हे माहीत असलं पाहिजे.

लायका एम९चं (२००९) दुखणं वेगळं. सेन्सरवरची काच ओलाव्याने गंजते. एफ/१६ ला आकाशाच्या फोटोत कडेला फिकट वलय असलेले गोल डाग दिसतात. स्वॅबने (सेन्सर पुसायच्या काडीने) पुसून जागचे हलले नाहीत तर ती धूळ नव्हे.

पहिल्या ५डीत काही बॉड्यांचा मुख्य आरसा गोंद सुटून निखळतो. कॅननने त्याची दखल घेऊन एकेकाळी मोफत दुरुस्ती दिली होती. म्हणून विचारायचा प्रश्न 'आरसा पडला का?' हा नाही, 'आरशाला कंपनीची दुरुस्ती झाली आहे का?' हा आहे.

डी२०० आणि डी७००चं ग्रिपचं रबर फुगून सुटतं. हाताचं तेल आणि घाम आतल्या चिकटपट्टीत उतरतो. हे घरी होण्यासारखं आहे: रबर अलगद सोलायचं, जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, पातळ दुहेरी टेप लावायची. मात्र त्याच्याखालचे स्क्रू काढून आत शिरू नका. बॉडीत फ्लॅश असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढली तरी तो काही काळ टिकतो.

बॅटरी, शटर, मेन बोर्ड यांचे मूळ सुटे भाग संपत आले आहेत. दुरुस्तीवाले दुसरी बंद बॉडी फोडून भाग काढतात. अशा वस्तूवर लग्नाची ऑर्डर घेणं मला जबाबदारीचं वाटत नाही.

शटरमोजणी

दोन्ही बाजू वाचल्या. घ्यायचं ठरलंच असेल तर तपासणी नीट करा. मुंबईत बोरा बाजारात घ्या नाहीतर कुणाच्या घरून, स्वतःची लेन्स, कार्ड आणि लॅपटॉप सोबत असू द्या.

निकॉनचा शटरचा आकडा (आतापर्यंत किती क्लिक झाले) रॉ किंवा मूळ जेपेगच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठलेल्या माहितीत असतो, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने वाचता येतो. डी७००चं शटर १,५०,००० क्लिकसाठी तपासलेलं आहे, ५डीचं १,००,००० साठी. पण पहिल्या ५डीचा आकडा फाइलमध्ये येत नाही. विकणारा तोंडी सांगतो त्या आकड्याला किंमत देऊ नका. बटणांची झीज, हॉट-शूचा उडालेला रंग आणि माउंटच्या धातूवरचे ओरखडे बघा.

शटर प्रत्यक्ष तपासायला उजेडातली पांढरी भिंत घ्या आणि १/१००० पासून बॉडीच्या कमाल वेगापर्यंत एकेक फोटो काढा. एका कडेला गडद पट्टा आला तर पडदा मागे पडतोय. हे स्क्रीनवर सहज दिसत नाही, लॅपटॉपवर बघा.

मग एफ/१६, फोकस मुद्दाम बिघडवलेला, आकाशाचा फोटो. डाग फोटोत वरच्या बाजूला असेल तर समोरून सेन्सरकडे बघताना तो खालच्या बाजूला असतो. डावं-उजवं मात्र तेच राहतं. साफ करताना हे माहीत नसल्याने माणसं चुकीचाच कोपरा पुसत बसतात. फुलफ्रेमला (५डी, डी७००) २४ मिमीचा स्वॅब, क्रॉपला १६ मिमीचा.

ऑटोफोकससाठी वर्तमानपत्र ४५ अंशांत ठेवा, ५० मिमी लेन्स एफ/१.८ ला, एका ओळीवर फोकस. डी७०० मध्ये फाइन ट्यून आहे, थोडा फरक भरून काढता येतो. ५डी आणि डी२०० मध्ये ती सोयच नाही. तिथे फोकस पुढे-मागे पडत असेल तर बॉडी सोडून द्या.

कार्डाची खाच टॉर्चने बघा. कॉम्पॅक्टफ्लॅशच्या ५० पिना असतात. एक जरी वाकली असेल तर कार्ड तिरकं घुसतं आणि शेजारची पिनही जाते. ८ जीबीच्या कार्डावर ५डीचे सुमारे ६०० रॉ बसतात, मोठ्या कार्डाची गरज नाही.

डी२०० आणि डी७००च्या मेनूत बॅटरी इन्फो उघडा. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे टाकाऊ. स्क्रीनवर तारीख पुन्हा पुन्हा विचारत असेल तर घाबरू नका. निकॉनमधला घड्याळाचा छोटा सेल मुख्य बॅटरीवरूनच चार्ज होतो, भरलेली बॅटरी दोन दिवस आत राहू द्या. ५डीत सीआर२०१६ बदलला की काम झालं.

कच्ची_फाइल

यादी उत्तम आहे. पण एवढी मेहनत करायची तर ती योग्य बॉडीवर करा. छायाप्रकाश, तुम्ही बॉडीतल्या मोटरीचा मुद्दा काढलात. ती मोटर डी७०००मध्ये (२०१०) आहे आणि डी७५०मध्येही (२०१४). एआय लेन्सचं मीटरिंगही दोन्हींत आहे. मग डी७००च का?

कॅमेरे तपासणाऱ्या डीएक्सओमार्क या साइटच्या मोजणीत ५डीची डायनॅमिक रेंज (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ असा जेवढा पल्ला सेन्सरला पकडता येतो तो) सुमारे ११ स्टॉप, डी७००ची सव्वाबारा, डी७०००ची चौदाच्या जवळ आणि डी७५०ची साडेचौदा आहे. कागदावरचा आकडा म्हणून सोडून देऊ नका. नऊवारीतली नवरी, पाठीमागे उन्हाने उजळलेली खिडकी: खिडकी वाचवण्यासाठी तीन स्टॉप कमी एक्स्पोज केलंत, तर ५डीच्या सावलीत दाणे येतातच, वर काळ्या केसांत पट्टेही उमटतात. डी७५०मध्ये तीच सावली उचलली तर शालूची जर स्वच्छ दिसते. कारण असं की नव्या सोनी-घराण्याच्या सेन्सरमध्ये सिग्नलचं रूपांतर सेन्सरवरच, प्रत्येक स्तंभापाशी होतं. जुन्यांत अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेरच्या चिपपर्यंत जातो आणि वाटेत गोंगाट गोळा करतो.

'मोठे पिक्सेल, म्हणून कमी उजेडात चांगले' हाही समज सोडा. डी७००चा पिक्सेल साडेआठ मायक्रॉनच्या आसपास आहे हे खरं, पण प्रकाश गोळा करतो तो पूर्ण सेन्सर. २४ मेगापिक्सेलचा फोटो १२ वर आणलात की हिशेब बरोबरीत येतो.

डी७५० घेताना एवढंच बघा: काही सिरियल क्रमांकांच्या शटरसाठी निकॉनने मोफत दुरुस्ती जाहीर केली होती, ती झाली आहे का ते विचारा. आणि डी६०० स्वस्त दिसली तरी शटर बदललेलं नसेल तर घेऊ नका. सेन्सरवर ठिपके उडण्याची तिची खोड जगजाहीर आहे.

छायाप्रकाश

डी७५०बद्दल तुमचं म्हणणं पटतं. लग्नाचं काम करणाऱ्याने तीच घ्यावी, आणि ओली_हवा यांचा जबाबदारीचा मुद्दाही तिथे लागू होतो. पण माझा दावा कामाच्या कॅमेऱ्याचा नव्हता. ५डीत लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय) नाही, व्हिडिओ नाही, मागची स्क्रीन २,३०,००० डॉटची आणि तीवर फोकस कळत नाही. एक्स्पोजर आधीच विचार करून लावावं लागतं, कारण नंतर सावली उचलता येत नाही. शिकणाऱ्यासाठी मी ही अडचण मुद्दाम निवडेन.

ओली_हवा

शिकणाऱ्याला अडचण देण्याची गरज नाही. नव्या कॅमेऱ्याची स्क्रीन बंद करून जेपेगवर काम करता येतं.

आणि कॉलेजच्या मुलांत २००० च्या दशकातल्या कॉम्पॅक्टची जी हौस आहे, तिच्याबद्दल एकच सूचना: आधी कार्ड बघा, मग कॅमेरा. जुन्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मला एक्सडी कार्ड लागतं. ते कमाल २ जीबीचं निघालं, आता बनत नाही, आणि मिळालं तर कॅमेऱ्याच्या किमतीला मिळतं. एसडी घेणारा कॉम्पॅक्टच घ्या, आणि तो एसडीएचसी (२ जीबीपेक्षा मोठी एसडी कार्डं) वाचतो का ते खात्री करून. वाचत नसेल तर २ जीबीचंच साधं एसडी शोधावं लागेल.

शटरमोजणी

डी४०बद्दल एक राहिलं. तिच्या बॉडीत मोटर नाही. वर उल्लेख झालेली ५० मिमी एफ/१.८डी तिच्यावर मॅन्युअलच चालेल. ऑटोफोकससाठी एएफ-एस (आत मोटर असलेली) लेन्स घ्या, ३५ मिमी एफ/१.८जी सर्वांत सोयीची. आणि १/५०० ला मोठा फ्लॅश पूर्ण ताकदीवर चालवू नका. त्याची चमक स्वतःच १/१००० सेकंदाच्या आसपास चालते, साध्या रेडिओ ट्रिगरचा उशीर त्यात मिळाला की शेपूट शटरबाहेर राहतं आणि फोटो अंधारा येतो. अर्ध्या ताकदीवर ठेवा, ट्रिगरऐवजी केबल वापरा.