‘ओक’, ‘ओईल’, ‘सी’ : होकाराच्या शब्दावरून भाषांची वाटणी करावी का?

धागाकर्ता

इटालियन कवी दान्ते याने १३०३ ते १३०५ च्या सुमारास लोकभाषांविषयी एक ग्रंथ लॅटिनमध्ये लिहायला घेतला. तो अपुराच राहिला. त्यात लॅटिनशी नाते सांगणाऱ्या बोलींची वाटणी त्याने एका छोट्याशा शब्दावरून केली. ‘हो’ म्हणताना काही लोक ‘ओक’ म्हणतात, काही ‘ओईल’ आणि काही ‘सी’. ही वाटणी वरवरची आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला मात्र ती मार्मिक वाटते.

आपल्या ‘हो’सारखा कुठेही चालणारा एकच शब्द अभिजात लॅटिनमध्ये रुळलेला नव्हता. प्रश्नातलेच क्रियापद परत उच्चारून होकार देण्याची रीत होती. पुढे बोली वेगळ्या होत गेल्या, तेव्हा ही जागा प्रत्येक प्रदेशाने आपापल्या परीने भरली. दक्षिण फ्रान्समध्ये ‘होक’, म्हणजे ‘हे’, एवढेच पुरेसे मानले गेले आणि त्याचे ‘ओक’ झाले. उत्तरेत या ‘ओ’ला सर्वनाम जोडून ‘हे मी’, ‘हे तू’, ‘हे तो’ असे म्हणत आणि पुढचे क्रियापद गृहीत धरत. कालांतराने त्यातले ‘ओ इल’, म्हणजे ‘हे तो’, हेच रूप सर्वांसाठी रूढ झाले. त्याचे ‘ओईल’ आणि पुढे आजचे ‘वी’ झाले. फ्रेंच माणूस स्वतःविषयी ‘वी’ म्हणतो, तेव्हाही त्या शब्दाच्या पोटात ‘तो’ दडलेला असतो. इटली आणि कास्टील (स्पेनचा मधला प्रदेश) यांनी ‘सिक’, म्हणजे ‘असे’, हा शब्द घेऊन त्याचे ‘सी’ केले. एकाच घरातून निघालेल्या भाषांनी संमतीची कल्पना इतक्या वेगवेगळ्या वाटांनी गाठावी, हे मला त्यांच्या स्वभावाचेच लक्षण वाटते. ‘लांगदोक’ या प्रांतनावाचा अर्थही ‘ओकची भाषा’ असाच आहे.

प्रतिसाद १

आपली मांडणी आवडली, पण निष्कर्ष मला पटत नाही. दान्तेने ‘ओक’ म्हणणारे म्हणून हिस्पानी, म्हणजे स्पेनच्या लोकांचे नाव घेतले आहे; कास्टीलमध्ये तर ‘सी’च म्हणतात. म्हणजे पहिल्याच पायरीवर ही कसोटी डळमळते. ईशान्य स्पेनमधल्या जुन्या कॅटलान भाषेत ‘ओक’ होते, आज ‘सी’ आहे. तेवढ्याने कॅटलान वेगळ्या कुळात गेली का? रोमानियन भाषेत होकार ‘दा’ असा आहे आणि तो स्लाव्ह शेजाऱ्यांकडून आलेला आहे. आपल्या न्यायाने ती भाषा लॅटिनच्या घराबाहेर काढावी लागेल. प्रत्यक्षात ‘सिक’ तिथेही टिकला आहे, फक्त तो ‘शि’ होऊन ‘आणि’ या अर्थाने नांदतो.

भाषा ओळखायच्या असतील, तर ध्वनिबदल पाहावेत. लॅटिन ‘मारे’, म्हणजे समुद्र, याचे दक्षिणेत ‘मार’ राहते आणि उत्तरेत ‘मेर’ होते. असा बदल शेकडो शब्दांत नियमाने आढळतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येते. एकटा शब्द मात्र बाजारातल्या नाण्यासारखा हातोहात फिरतो. शिवाय लॅटिनमध्ये ‘इता’ आणि ‘एतियाम’ हे शब्द होकारासाठी वापरले जात. रोमन वक्ता सिसेरोने तर ‘एतियाम’ आणि ‘नोन’ ही हो-नाहीची जोडी म्हणून वापरली आहे. त्यामुळे रिकाम्या जागेची कथाही थोडी जपूनच सांगायला हवी.

धागाकर्ता

हिस्पानी आणि रोमानियन यांच्याबाबतचे म्हणणे मान्य. परंतु शास्त्रज्ञाची कसोटी आणि लोकांची स्वतःची ओळख या दोन गोष्टी निराळ्या आहेत. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या राजाने बोलावलेल्या प्रतिनिधिसभा ‘लांगदोईल’ आणि ‘लांगदोक’ अशा वेगवेगळ्या भरत. ज्या शब्दावरून राज्यकारभार चालतो, त्याला केवळ फिरते नाणे कसे म्हणावे?

फ्रेंचमध्येही ‘सी’ आहे, पण त्याने स्वतःचे काम निवडले आहे. आईने मुलाला ‘तू येत नाहीस का?’ असे विचारले आणि मुलाला यायचे असेल, तर तो ‘वी’ म्हणत नाही, ‘सी!’ म्हणतो. नकारार्थी प्रश्न खोडून काढण्यासाठी हा शब्द राखून ठेवलेला आहे. मराठीत याच प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हटले, तर मुलगा येणार की नाही हे कळत नाही, ‘येतोय ना!’ असे सांगावे लागते.

प्रतिसाद २

आपल्या दोघांच्याही नजरेतून पोर्तुगीज निसटली आहे. पणजीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजी नातवाशी पोर्तुगीज बोलत. दुपारी त्या ‘तेंश फॉम?’, म्हणजे ‘भूक आहे का?’ असे विचारत आणि नातू ‘तेन्यु’, म्हणजे ‘आहे’, असे उत्तर देई. ‘सिं’ हा शब्द त्याला येत नव्हता असे नाही, पण अशा वेळी क्रियापद परत उच्चारणेच त्याला सहज वाटे. लॅटिनची जुनी रीत पोर्तुगीजने आजही सोडलेली नाही. तेव्हा जागा रिकामी होती आणि ती नंतर भरली गेली, असे म्हणण्याऐवजी दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

मराठीतही ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘जेवलो’ हेच घरगुती उत्तर आहे. आणि ‘होय’ तरी मुळात काय आहे? ‘होणे’ या क्रियापदाचेच ते जुने वर्तमानकाळी रूप आहे. आपला होकार क्रियापदातूनच जन्मला आहे.

प्रतिसाद १

‘होय’चे उदाहरण नेमके आहे. राजसभांचा मुद्दाही मी स्वीकारतो. त्या शब्दाला राजकीय वजन होते, हे खरेच आहे. तरी माझा मूळ आक्षेप कायम आहे. २०१६ साली फ्रान्सच्या एका मोठ्या विभागाला ‘ऑक्सितानी’ हे नाव मिळाले, म्हणजे ‘ओक’ नकाशावर परतला. त्या विभागातल्या तुलूझ शहराच्या मेट्रोत स्थानकांची नावे फ्रेंचबरोबर ऑक्सितानमध्येही, म्हणजे ‘ओक’च्या भाषेतही, पुकारली जातात. पण त्याच डब्यात एका प्रवाशाने दुसऱ्याला ‘ही जागा रिकामी आहे का?’ असे विचारले, तर उत्तर ‘वी’ असेच येते.