स्वयंपाकघरातल्या उपकरणांचं चुंबकीय क्षेत्र घरच्या घरी कसं मोजावं? मीटर सुचवा

चकलीताई

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत जुन्या इमारतीत फ्लॅट आहे, गेल्या वर्षी ओटा-ट्रॉल्या नवीन केल्या. मला सातवा महिना चालू आहे. मागच्या आठवड्यात दारावर एक माणूस आला आणि मिक्सर-मायक्रोवेव्हचं "रेडिएशन शोषणारी" तांब्याची चकती सासूबाईंच्या गळ्यात मारून गेला, 1200 रुपयांना. त्याच्याकडे एक डबी होती. मिक्सरजवळ नेली की लाल दिवा आणि पीं पीं. तेव्हापासून आई मला मिक्सरला हात लावू देत नाहीत. माझी काही तक्रार नाही, पण वाटणघाटण सगळं त्याच करतात आणि त्यांचा खांदा आधीच धरलेला आहे.

मी मोबाइलवर चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक ॲप घेतलं. हॉलमध्ये 43 मायक्रोटेस्ला, ट्रॉलीजवळ 71! मिक्सर लावला तर आकडा थोडा थरथरला, बस. मग धोका ट्रॉलीचा की काय?

नक्की किती क्षेत्र अंगावर येतं याचा अंदाज कसा करायचा, आणि कुठलं मीटर घ्यावं? "काही होत नाही हो" एवढंच सांगायचं असेल तर नका सांगू, ते नवरा सांगतोच आहे.

घाटमाथा

ते 43 म्हणजे पृथ्वी. आपल्याकडे तिचं क्षेत्र चाळीसच्या आसपासच असतं. ट्रॉलीच्या लोखंडाने ते जागच्या जागी वाकतं, म्हणून 71. मोबाइलमधला सेन्सर होकायंत्रासाठी असतो, सेकंदाला फार तर शंभरेक वाचनं घेतो. विजेचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतं, ते त्याला धड पकडता येत नाही. ॲप काढून टाका.

आणि त्या डबीवर आकडे होते का? नुसता दिवा असेल तर टेस्टरच्या स्क्रूड्रायव्हरलाही दिवा असतो.

निवृत्त_मास्तर

चकलीताई, प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टींची फारकत करा. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापवणाऱ्या लहरी 2450 मेगाहर्ट्झच्या. त्यांच्या गळतीची मर्यादा पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट. दार नीट बसत असेल, जाळी-बिजागरं शाबूत असतील तर तो विषय तिथे संपतो. दुसरं म्हणजे त्याच डब्यातल्या जाडजूड ट्रान्सफॉर्मरचं 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र. तुम्ही विचारताय ते हे. ते भिंतीतून, लाकडातून, तांब्याच्या पातळ चकतीतूनही सरळ आरपार जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने जर्मनीच्या किरणोत्सार-सुरक्षा कार्यालयाचा एक तक्ता दिला आहे, तो पाहण्यासारखा आहे. मायक्रोवेव्हच्या अंगाशी, 3 सेंटिमीटरवर, 73 ते 200 मायक्रोटेस्ला. 30 सेंटिमीटरवर 4 ते 8. मीटरभर लांब 0.25 ते 0.6. फ्रिज फारच सोवळा: 30 सेंटिमीटरवर 0.01 ते 0.25. आणि ज्याला कुणी घाबरत नाही तो केस वाळवायचा ड्रायर अंगाशी 6 ते 2000 पर्यंत जातो!

मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर असलेल्या उपकरणापासून थोडं दूर गेलं की क्षेत्र साधारण अंतराच्या घनाने उतरतं. अंतर दुप्पट केलंत की आठवा हिस्सा उरतो. मिक्सर ओट्याच्या कडेवरून मागे भिंतीशी सरकवला आणि झाकण दाबून धरायच्या ऐवजी क्लिपा लावल्या, की निम्मी काळजी तिथेच मिटली.

आता अंदाज. माणूस जिथे उभा राहतो तिथे, पोटाच्या उंचीवर वाचन घ्या. त्याला मिनिटांनी गुणा. अशा सगळ्या बेरजा करून 1440 ने भागा, कारण दिवसाची मिनिटं तेवढी. चोवीस तासांची सरासरी मिळाली. झोपायची जागा मात्र विसरू नका. लोक मिक्सर मोजतात आणि उशी मोजायची राहते.

तुलना कशाशी करायची? 50 हर्ट्झसाठी सामान्य जनतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळी 2010 पासून 200 मायक्रोटेस्ला आहे, त्याआधी 100 होती. ती लगेच होणाऱ्या परिणामांसाठी. दीर्घकाळाचं म्हणाल तर 2002 मध्ये कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे क्षेत्र 2ब गटात, म्हणजे "कदाचित" या गटात टाकलं. कारण, घरातली सरासरी 0.3-0.4 मायक्रोटेस्लाच्या वर असलेल्या मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग साधारण दीड ते दोन पट दिसला होता. क्षेत्रामुळेच होतो हे सिद्ध झालेलं नाही. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, घाबरू नका).

मीटर विकत घेऊ नका, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रिकल विभागात ओळख काढा. 50 हर्ट्झ पकडणारं, 0.01 मायक्रोटेस्लापर्यंत वाचणारं आणि तीन अक्षांचं हवं. एकाच अक्षाचं मिळालं तर तीन दिशांना वळवून तीन वाचनं घ्या आणि त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा.

सीॲटलकर

मास्तर +१. एक पुरवणी: इकडच्या साइटवर आकडे मिलिगॉसमध्ये असतात. दहाने भागलं की मायक्रोटेस्ला. आमच्या शेजारणीने भागायचं विसरून मायक्रोवेव्ह गॅरेजमध्ये नेऊन ठेवला होता.

ओव्याची_पानं

माझ्या यजमानांना पेसमेकर आहे. इंडक्शन शेगडी चालू असताना छाती निदान 60 सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितलंय. ते चहासुद्धा गॅसवरच करतात. (करतात हे महत्त्वाचं!) कुणाकडे पेसमेकर असेल तर धाग्यावर न विसंबता आपल्या डॉक्टरांना विचारा.

चकलीताई

मास्तर, खूप आभार. नणंदेच्या कॉलेजातून तीन अक्षांचं मीटर आठवड्यासाठी मिळालं. रविवारी सगळ्या घराने मिळून मोजलं, सासरे वहीत लिहीत होते.

मिक्सर, उभं राहतो तिथे 30 सेंटिमीटरवर: 4. दिवसाला 10 मिनिटं. मायक्रोवेव्ह, तेवढ्याच अंतरावर: 6, रोज 12 मिनिटं. चिमणी, डोक्याशी: 0.5, तासभर. म्हणजे 40 अधिक 72 अधिक 30, एकूण 142. भागिले 1440, आले 0.1. बरोबर ना?

इंडक्शनला तर 0.2 च दाखवलं! आईंना म्हटलं, बघा, सगळ्यात गुणी तीच. चकती मिक्सरला लावून आणि काढून दोन्ही मोजलं. दोन्ही वेळा 4.

पण उशीशी 0.9 आलं. पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीमागे स्वयंपाकघर आहे. फ्रिज बंद करून पाहिला, तरी 0.9. आठ तास झोप धरली तर 432, म्हणजे एकट्या उशीचे 0.3. सगळ्या ओट्याच्या तिप्पट! रात्री झोप उडाली.

निवृत्त_मास्तर

हिशोब बरोबर. इंडक्शनचं मात्र गुण देऊ नका, ते मीटर बहिरं आहे. त्या शेगडीचं वेटोळं 20 हजार हर्ट्झच्या वर चालतं आणि तुमचं मीटर काही शे हर्ट्झपर्यंतच ऐकतं. 0.2 आलं ते शेगडीतल्या पंख्याचं नि वायरचं असेल. तिथे न मोजता पथ्य पाळा: भांडं वेटोळ्याएवढं रुंद, बरोबर मधोमध, आणि पोट शेगडीपासून फूटभर लांब. लहान पातेली कडेला ठेवली की क्षेत्र बाहेर सांडतं.

उशीचं कोडं वेगळं आहे. त्या वेळी घरात काय काय चालू होतं?

चकलीताई

फ्रिज सोडून नेहमीचंच. पंखा, बेडरूमचा एसी. आत्ता एसी बंद करून पाहिला... 0.08! पण एसी तर समोरच्या भिंतीवर आहे, उशीपासून दहा फूट!

वायरमनचा_पोरगा

तुमच्याकडे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) उसना घेतलाय. पैज.

वायरीत जाणारा आणि येणारा करंट शेजारी शेजारी असले की दोघांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात. फेज एका पाइपातून आणि न्यूट्रल दुसऱ्याच भिंतीतून परत, असं झालं की मध्ये सगळी खोली वेटोळं बनते. तेव्हा क्षेत्र घनाने उतरत नाही, अंतर दुप्पट केलं तरी निम्मंच होतं. एका सुट्या वायरीत 5 अँपियर असतील तर मीटरभर लांब 1 मायक्रोटेस्ला. तुमच्या आकड्याशी जुळतं बघा.

रिनोव्हेशनमध्ये हे सर्रास होतं. एसीची न्यूट्रल तुटलेली असते, फरशी फोडायची नसते, मग भिंतीपलीकडच्या किचनच्या न्यूट्रलला जोडून मोकळे. एसी थंड करतो, कुणाला पत्ता लागत नाही. सगळ्या घराला एकच ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तोही पडत नाही, कारण त्याच्यापुरती बेरीज जुळते.

तपासायला तुमचं हे मीटरसुद्धा नको. परवानाधारक वायरमनला बोलवा, बोर्डात एसीच्या फेज-न्यूट्रल जोडीभोवती एकत्र क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं) लावायला सांगा. शून्य यायला हवं. स्वतः बोर्ड उघडू नका. आणि हे काम क्षेत्रासाठी नाही तरी करा: किचनची न्यूट्रल दोघांचा भार ओढतेय, गीझर-मायक्रोवेव्ह-एसी एकदम लागले तर ती तापणार. मला भीती त्याची जास्त.

घाटमाथा

पैज जिंकलात तर कट्ट्याला वडापाव माझ्याकडून.

चकलीताई

घाटमाथा, वडापाव द्या. क्लॅम्पवर 4.6 अँपियर आले. ज्या ठेकेदाराने काम केलं होतं त्याने फोनवर "ताई, तसंच करतात सगळीकडे" म्हणून सांगितलं, म्हणून दुसरा वायरमन आणला. कपाटामागची केसिंग-पट्टी वापरून एसीची न्यूट्रल स्वतंत्र ओढून दिली, फरशी फोडावी लागली नाही. किचनच्या जोडाची टेप काढली तर आतलं इन्सुलेशन करपून तपकिरी झालं होतं, ते पाहून सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. आता एसी चालू ठेवून उशीशी 0.06.

मिक्सर मागे सरकवलाय, क्लिपा लावल्यात, वाटण परत माझ्याकडे आलंय. चकती आईंनी फ्रिजवर ठेवली आहे, टाकून द्यायला त्यांचा जीव होत नाही.

मीटर शनिवारी परत द्यायचंय. डोंबिवली-कल्याणात कुणाला एखाद्या संध्याकाळपुरतं हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मात्र येऊन न्यावं लागेल, माझ्याच्याने जिने होत नाहीत.