नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ब (सीएए) चा अर्ज : शिक्का पुसट, घर भाड्याचं, रहिवास कसा दाखवायचा?

सेतू_दर्यापूर:
आमच्या केंद्रावर सिंधमधून आलेलं एक हिंदू कुटुंब आहे : नवरा, बायको, मुलगी. २०१२ साली थार एक्स्प्रेसनं मुनाबावमार्गे आले, तेव्हापासून तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान. आता त्यांना भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करायचा आहे. पासपोर्टची मुदत संपली, प्रवेशाचा शिक्का पुसट झाला. भाडेकरार कधी झालाच नाही, मीटर घरमालकाच्या नावावर. सरपंच रहिवासी दाखला देतो म्हणतात. गावातले काही जण अधिवास प्रमाणपत्र काढा म्हणून राह्यले. एवढ्यावर भागते का?

कागदपत्री:
अधिवास प्रमाणपत्राच्या वाट्याला जाऊच नका. आपल्याकडे त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास’ आहे. जो अजून भारतीय नाही त्यानं ते काढणं म्हणजे खोटी माहिती देणं. नागरिकत्वाच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चुकून मतदार यादीत नाव गेलं असेल तर तेही पुरावा म्हणून जोडू नका, उलट अंगाशी येईल.

आता मूळ मुद्दा. इथं दोन वेगळे पुरावे लागतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला, ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधी भारतात आल्याचा. दुसरा, राहिल्याचा : अर्जाआधीचे सलग १२ महिने, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून किमान ५ वर्षं (इतरांना ११). पासपोर्टची मुदत संपली म्हणून अडत नाही, तो तिथलं नागरिकत्व दाखवायला चालतो. शिक्का वाचता येत नसेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या विदेशी नोंदणी शाखेचं जुनं नोंदणीपत्र शोधा. व्हिसावर आलेल्या पाकिस्तानी माणसाची नोंद तिथं सहसा असते, आणि माझ्या मते याहून भक्कम कागद नाही.

सरपंचांचा दाखला नागरिकत्व नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत बसतो. पण आज लिहिलेल्या ‘२०१२ पासून ओळखतो’ला एकट्याला वजन येत नाही. सोबत ३१ डिसेंबर २०१४ पर्यंतची तारीख असलेला एखादा कागद पाहिजेच. भाडेकराराचंही तसंच, आता नोंदवलेला करार आजपासूनचा रहिवास दाखवेल, मागचा नाही.

वऱ्हाडी_वकील:
भर घालतो. तिघांचे अर्ज वेगळे, पुरावेही वेगळे. नवऱ्याच्या पासबुकावर बायकोचा प्रवेश सिद्ध होत नाही, अन् गावात बायकांच्या नावावर कागद काहीच नसतो, तिथंच गाडी अडते. तिच्या नावाचं पोस्टातलं खातं, विमा पॉलिसी, पॅन, काहीही पाहा. मुलगी कुठं जन्मली? इथं जन्मली असली तरी दोघंही आईबाप परदेशी असल्यानं ती आपोआप भारतीय होत नाही. शाळेत असेल तर दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा घ्या, त्यात प्रवेशाची तारीख असते.

परदेशी नागरिकांना सवलत देणाऱ्या केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, तिच्यावर भुलू नका. ती कागदाविना राहण्याबद्दलची सवलत आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच.

सेतू_दर्यापूर:
मुलगी तिकडंच जन्मली, इथं २०१३ मध्ये पहिलीत घातली. बाईंचं पोस्टात बचत खातं आहे त्याच सुमाराचं, पण पासबुक भरून नवं दिलेलं.

कागदपत्री:
मग मुलीचं काम शाळेतच होईल. बाईंसाठी पोस्टात अर्ज करून खातं उघडल्याची तारीख असलेला, सही-शिक्क्याचा उतारा मागा; नव्या पासबुकावर जुन्या नोंदी येतीलच असं नाही. नावं जुळवून पाहा. पासपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग, शाळेतलं मराठी नाव, मध्ये वडिलांचं की नवऱ्याचं, यात फरक असला तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करा. अर्ज ऑनलाइन, नमुना ८अ. पुढं डाक अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती मूळ कागद तपासते आणि शपथही तिथंच देतात. बोलावणं आल्यावर तिघांनी जायचंच. वारंवार गैरहजर राहिलं तर प्रकरण नाकारण्यासाठी वर जाते.