‘मान’, ‘आदर’ आणि ‘राका’ : बायबलमधल्या काही शब्दांविषयी

प्रश्न : ‘सर्वांना मान द्या’ असं पेत्राच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे (२:१७). पण ज्याच्याबद्दल मनात काडीचाही आदर नाही त्याला मान द्यायचा म्हणजे ढोंगच नाही का? मान आणि आदर एकाच अर्थाचे शब्द आहेत ना? शिवाय डोंगरावरच्या प्रवचनातला ‘राका’ हा शब्द नेमका काय आहे?

उत्तर : दोन्ही शब्द जवळचे आहेत, पण एक नाहीत. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं पाहा. आदर वाटतो. मान देतात, राखतात, ठेवतात. ‘मला त्यांचा मान वाटतो’ असं कोणी म्हणत नाही. आदर मनात उपजावा लागतो आणि तो कोणाच्या सांगण्यावरून उपजत नाही. मान मात्र देणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून त्याची आज्ञा करता येते. (‘आदर करा’ असंही आपण म्हणतो, पण तेव्हा मानाबद्दलच बोलत असतो.)

पेत्राच्या पत्रातलं क्रियापद ज्या ग्रीक शब्दावरून आलं आहे तो ‘तिमे’. त्याचा अर्थ मान, आणि मोलसुद्धा. येशूला पैशांसाठी पकडून देणाऱ्या यहूदाने मंदिरात फेकून दिलेली चांदीची तीस नाणी उचलताना याजक म्हणतात की हे रक्ताचं मोल आहे (मत्तय २७:६). तिथे हाच शब्द आहे. ‘तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात’ असं पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ६:२०), तिथेही हाच. तेव्हा मान देणं म्हणजे समोरच्याचं मोल ओळखून त्याप्रमाणे वागणं. हे मोल ठरवायचं कोणी? ख्रिस्ती शिकवणीचं उत्तर स्पष्ट आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे आणि त्याच्यासाठी ख्रिस्त मरण पावला आहे, म्हणजे मोल आधीच ठरलेलं आहे. ‘आधी लायकी दाखव, मग मान देतो’ हा व्यवहार इथे चालत नाही. म्हणून मला यात ढोंग दिसत नाही. नसलेली आवड दाखवणं हे ढोंग. ज्याचं देणं लागतो ते आवड नसतानाही चुकतं करणं हा प्रामाणिकपणा.

त्याच वचनात चार छोट्या आज्ञा आहेत: सर्वांना मान द्या, बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचं भय धरा, राजाला मान द्या. सर्वांसाठी जे क्रियापद आहे तेच राजासाठी आहे. भय फक्त देवाचं. हे पत्र आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, श्रद्धेपायी लोकांची निंदा सोसणाऱ्या माणसांना लिहिलेलं आहे आणि राजा म्हणजे रोमन सम्राट. निंदा करणाऱ्या शेजाऱ्याला आणि सम्राटाला एकाच शब्दात बसवणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ या आज्ञेतलं हिब्रू क्रियापद ‘कब्बेद’. त्याच्या मुळाशी जडपणाचा, वजनाचा अर्थ आहे. एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असं आपण म्हणतो, तसंच. आणि आईबापाला शिव्याशाप देण्याविषयीच्या नियमात (निर्गम २१:१७) जो शब्द येतो त्याचं मूळ ‘हलकं असणं’. एखाद्याला हलकं लेखणं हा वाक्प्रचार मराठीत आपसूक आलेला, पण अर्थाने किती नेमका बसतो!

हा मान नुसता शब्दांचा नाही. मार्कच्या ७ व्या अध्यायात येशू एका रूढीवर बोट ठेवतो. आईवडिलांना ज्यातून मदत झाली असती ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेलं, असं जाहीर केलं की मुलगा सुटला. येशूच्या मते अशाने आज्ञाच रद्द होते. म्हणजे म्हाताऱ्या आईबापाला मान देणं यात त्यांना पोसणं आलं. चांगलं काम करणारे वडीलधारे दुप्पट मानाला योग्य आहेत, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे (५:१७), आणि लगेच पुढच्या वचनात मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये आणि मजूर मजुरीला पात्र आहे, हे दोन दाखले येतात. ‘मानधन’ हा शब्द रोज वापरणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

आता ‘राका’. हा अरामी शब्द, ‘रिकामा’ या अर्थाच्या मुळापासून आलेला. म्हणजे रिकाम्या डोक्याचा, पोकळ. पण निव्वळ अर्थावर जाऊ नका, तो बोलण्यात कसा वापरत ते महत्त्वाचं. चौथ्या शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम सिरियातल्या अंत्युखियात मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचनं देत होता. तिथे ग्रीक चाले आणि आसपास सिरियाक ही अरामीची बोलीही. तो म्हणतो, राका ही काही मोठी शिवी नाही, तिच्यात थोडा तुच्छतेचा सूर आहे. आपण नोकराला किंवा कमी दर्जाच्या माणसाला ‘तू जा, तू अमक्याला सांग’ म्हणतो, तिथल्या ‘तू’च्या जागी सिरियाक बोलणारे राका म्हणतात. त्याच सुमाराच्या ऑगस्टीन या लॅटिन धर्मपंडिताने एका यहूदी माणसाला विचारलं तेव्हा त्यालाही असंच उत्तर मिळालं की हा अर्थाचा शब्द नाही, चिडलेल्या मनाचा नुसता उद्गार आहे.

मराठी माणसाला ख्रिसोस्तोमचं म्हणणं पटकन कळेल, कारण आपल्याकडे ‘अरेतुरे करणे’ असा स्वतंत्र वाक्प्रचारच आहे. मैत्रीतला ‘अरे’ वेगळा आणि वयाने मोठ्या, पण हाताखाली राबणाऱ्या माणसाला मारलेली ‘ए’ अशी हाक वेगळी. शब्दकोशात तिला शिवी म्हणता येणार नाही. ती ऐकणाऱ्याला मात्र आपली किंमत काय केली गेली ते बरोबर कळतं. येशूने राकाचा उल्लेख कुठे केला आहे? ‘खून करू नको’ या आज्ञेचा अर्थ सांगताना (मत्तय ५:२१-२२). किरकोळ वाटणारा उद्गार त्याने खुनाच्या कलमाखाली घेतला आहे. मला हे वचन नव्या करारातल्या सगळ्यात कठोर वचनांपैकी वाटतं, आणि आपण ते फार सहज ओलांडून जातो.

अनादराला आणखी एक ग्रीक शब्द आहे, ‘एक्सुथेनेओ’: शून्यवत करणं, खिजगणतीत न धरणं. आपल्या नीतिमत्त्वाचा भरवसा धरून इतरांना असं लेखणाऱ्यांसाठी येशू परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला माणूस) आणि जकातदार यांचा दाखला सांगतो (लूक १८:९), आणि गालीलचा शासक हेरोद आपल्या शिपायांसह येशूला हेच करतो (लूक २३:११). पौल रोमकरांना काय खावं, काय खाऊ नये या वादाविषयी लिहिताना नेमकी विभागणी करतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये (१४:३). मोकळेपणाने वागणाऱ्याचं पाप वेगळं, नियम पाळणाऱ्याचं वेगळं. दोघांनाही आपापलं दिसत नाही.

याकोबाच्या पत्रातला प्रसंग (२:१-६) तर डोळ्यांसमोर उभा राहतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला एक जण येतो, आणि मळके कपडे घातलेला एक गरीब. पहिल्याला ‘या, इथे चांगल्या जागी बसा’. दुसऱ्याला ‘तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायाशी बस’. कोणी शिवी दिली नाही, कोणाला हाकललं नाही, गरिबाला आत तर घेतलंच. तरी याकोब लिहितो, तुम्ही गरिबाचा अपमान केला. ते क्रियापदही ‘तिमे’पासूनच आलेलं आहे: मोल काढून घेणं. पक्षपातासाठी इथे जो ग्रीक शब्द आहे त्याची फोड ‘तोंड घेणं’ अशी होते; मराठीतलं ‘तोंड पाहून वागणं’ त्याला चपखल आहे.

पुढचा प्रश्न : मग येशू स्वतः शास्त्री-परूश्यांना ‘मूर्खांनो’ म्हणतो (मत्तय २३:१७), हेरोदाला कोल्हा म्हणतो (लूक १३:३२), त्याचं काय?

उत्तर : शंका रास्त आहे. मत्तय ५:२२ मध्ये राकाच्या पाठोपाठ भावाला ‘मूर्ख’ म्हणण्याविरुद्धही इशारा आहे. तिथला मूर्ख आणि २३:१७ मधला मूर्ख, दोन्हीकडे ग्रीक शब्द एकच आहे. त्यामुळे शब्दावर बंदी आहे असं म्हणता येत नाही. मला फरक दिशेत दिसतो. २३ व्या अध्यायातले लोक दुसऱ्यांच्या खांद्यावर जड ओझी लादणारे, मानाच्या जागा बळकावणारे आहेत, आणि तो अध्याय संपतो तो यरुशलेमेसाठी केलेल्या विलापाने. सत्तेवरच्या माणसाचं चुकतं आहे हे त्याच्या तोंडावर सांगणं म्हणजे त्याला शून्यवत करणं नव्हे. पण याचा आधार घेऊन कोणी आपली जीभ मोकळी सोडू नये. प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये पौल तोंडात मारण्याचा हुकूम देणाऱ्याला ‘चुना लावलेल्या भिंती’ म्हणतो, आणि तो महायाजक आहे हे कळताच अधिकाऱ्याविषयी वाईट न बोलण्याचा नियम स्वतःच उद्धृत करतो. अन्यायाबद्दलची हरकत त्याने मागे घेतलेली नाही.

पुरवणी, पाठीमागे बोलण्याबद्दल : तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने इथे बारीक भेद केले आहेत. तोंडावरचा अपमान मानाला लागतो, पाठीमागची निंदा नावाला. पहिला उघड लुटीसारखा, दुसरी चोरीसारखी. चहाडी त्याने निंदेहून वाईट मानली आहे, कारण तिचा हेतूच मैत्री तोडण्याचा असतो. आपल्याकडेही निंदा, चहाडी, लावालावी, कुचेष्टा हे शब्द वेगवेगळे आहेत, ते सरसकट ‘गॉसिप’मध्ये बुडवू नयेत. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात, सबळ कारणाशिवाय कोणाचे खरे दोष ते माहीत नसलेल्यांना सांगणं हेही पापच म्हटलं आहे, आणि क्षमा मिळाली तरी गेलेल्या नावाची भरपाई करण्याचं बंधन राहतं. दोष खरे असतील तर ‘मी खोटं बोललो’ असं म्हणता येत नाही. त्यावर अक्वायनसचं उत्तर असं: ‘मी वाईट बोललो, मी अन्यायाने त्याची बदनामी केली’ एवढं तरी म्हणावं, तेही जमणार नसेल, तर दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने ते भरून द्यावं.