गोळ्यांनी सूज जात नाही हो
वर कोणीतरी लिहिलंय की हत्तीरोगाच्या गोळ्या घेतल्या की पाय पूर्ववत होतो, ते अर्धंच खरं आहे. डीईसीने (म्हणजे याच गोळ्या) रक्तातल्या जंतांच्या अळ्या मरतात, पण लसिकावाहिन्या (अंगातला पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) एकदा खराब झाल्या की सूज बहुतेक राहतेच. गोव्यात डिचोलीला माझी आते आहे, तिला हाच रोग, पण सुजेपेक्षा त्रास तापाचा, हुडहुडी भरून पाय लालबुंद आणि चार-चार दिवस अंथरुणात, काजूच्या हंगामात मजुरी बुडायची ती वेगळीच. नर्सने शिकवल्यापासून रोज रात्री बोटांच्या बेचक्यांतून साबणाने धुते, जुन्या लुगड्याच्या तुकड्याने टिपून कोरडं करते, झोपताना पायाखाली उशी, आता ताप क्वचितच. चप्पल मात्र मापाची मिळत नाही, जत्रेला जाणं त्यामुळेच सोडलंय (सांगते गुडघे दुखतात म्हणून).