न सांगता ओळखणारे सोबती : लाडक्या कुत्र्यांच्या आठवणी

पाऊलवाट
शेजारच्या घरी अलीकडेच एक तरुण कुत्रा आला आहे. त्याच्या धन्याची दुचाकी कोपऱ्यावर वळण्याच्या बऱ्याच आधी तो झोपेतून उठतो, फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि तशाच आवाजाच्या दुसऱ्या दुचाकीकडे ढुंकूनही पाहत नाही. काल संध्याकाळी हे पाहताना आमच्या मोतीची तीव्रतेने आठवण झाली, म्हणून हा धागा काढत आहे.

मोती नावापुरता सगळ्या घराचा होता. प्रत्यक्षात तो माझ्या वडिलांचा होता. वडील कामावरून परतले की पुढचे दोन्ही पाय त्यांच्या छातीवर टेकवून तो उभा राहत असे आणि त्यांना चपला काढायचीही उसंत देत नसे. पुढे वडिलांना पक्षाघात झाला आणि बरेच दिवस ते रुग्णालयात राहिले. ते काठी टेकत घरी आले तेव्हा मोती झेप घेईल आणि ते पडतील, या भीतीने आम्ही दोघे भाऊ वाटेत आडवे उभे होतो. मोती धावत आला आणि अचानक थांबला. काठीच्या रबरी टोकापासून मुठीपर्यंत त्याने सावकाश वास घेतला, वडिलांच्या लुळ्या पडलेल्या डाव्या हाताची बोटे एकेक करून हुंगली आणि त्या हाताखाली आपले डोके सरकवून तो उभा राहिला. त्या दिवसानंतर तो त्यांच्या अंगावर कधीही झेपावला नाही. आमच्या अंगावर मात्र तो पूर्वीसारख्याच उड्या मारत राहिला, त्यामुळे वयोमानाने तो शांत झाला असे म्हणायलाही जागा नव्हती.

निष्ठेच्या गोष्टी निघाल्या की आपण बहुधा चोर पकडल्याचे किंवा कुणाचा जीव वाचवल्याचे प्रसंग सांगतो. मला मात्र हे रोजचे, न सांगता ओळखणे त्याहून मोलाचे वाटते. आपल्या सोबत्याने काय ओळखले, ते कृपया लिहावे.

गवतफूल
आमची राणी. आजीला ऐकू येणे जवळजवळ बंद झाल्यावर दारावरची घंटा वाजली की राणी दाराकडे न जाता आधी आजीकडे जाई, तिच्या पदराला तोंडात धरून हलकेच ओढी आणि मग दाराशी जाऊन मागे वळून पाही. घरात दुसरे कोणी असेल तर ती हे करत नसे; त्या वेळी सरळ दाराशी जाऊन भुंके. आजीच्या सगळ्या पदरांच्या टोकांना बारीक छिद्रे पडली होती, पण तिने ती कधीही रफू करू दिली नाहीत. बाकी सविस्तर नंतर लिहीन, मुलांची शाळेतून येण्याची वेळ झाली आहे.

सांजतारा
पाऊलवाट, काठी हुंगण्याचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. विचारू की नको असे झाले आहे, पण वडील आणि मोती यांपैकी आधी कोण गेले?

पाऊलवाट
सांजतारा, आपण विचारलेत याचे मला बरेच वाटले. मोती आधी गेला. त्याच्या शेवटच्या काळात त्याची मागची कंबर धरली होती आणि त्याला जिना चढता येत नव्हता, तेव्हा वडिलांनी वरच्या मजल्यावरची आपली खोली सोडून खाली बैठकीत अंथरूण हलवले. आम्ही त्यांना म्हणालो की मोतीला आम्ही उचलून वर आणत जाऊ, तर ते म्हणाले की त्याला उचलून घेतलेले आवडत नाही. ते खरेच होते, आणि ते फक्त त्यांना ठाऊक होते.

जुनेपान
या विषयावर हाचिकोचे नाव निघाल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा ते मीच काढतो, कारण त्याच्या कथेतला एक भाग बहुतेक वेळा गाळला जातो. १९२३ साली जन्मलेला हा अकिता जातीचा कुत्रा टोकियोतील कृषिशास्त्राचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांचा होता. मे १९२५ मध्ये प्राध्यापकांचे कामावर असतानाच अकस्मात निधन झाले आणि त्यानंतर ८ मार्च १९३५ रोजी मरण येईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, हाचिको त्यांची वाट पाहत शिबुया रेल्वे स्थानकावर येत राहिला. इतके सर्वांना माहीत असते.

लोक त्याला मांसाचे तुकडे देत म्हणून तो तिथे येत होता, असा आक्षेपही काही जण घेतात. हा आक्षेप मला मान्य नाही. त्याच्यावर १९३२ साली वृत्तपत्रात लेख आला आणि त्यानंतर त्याचे लाड सुरू झाले. त्याआधीची वर्षे स्थानकावरच्या माणसांनी त्याला हाकलले, मारले आणि त्रासच दिला. मार खाऊनही जो प्राणी वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतो, तो खाण्यासाठी येतो असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे हृदय आणि फुप्फुसे जतन करून ठेवली होती. २०११ साली त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कर्करोग आढळला आणि हृदयात कृमी होते हेही स्पष्ट झाले. इतके दुखणे अंगात घेऊन तो चालत होता.

स्थानकासमोरचा पहिला पुतळा १९३४ साली हाचिको जिवंत असतानाच उभारला गेला. तो युद्धकाळात धातूसाठी वितळवला गेला आणि आजचा पुतळा १९४८ चा आहे. मला स्वतःला त्यापेक्षा टोकियो विद्यापीठातला २०१५ चा पुतळा अधिक आवडतो. त्यात प्राध्यापक परत आले आहेत आणि हाचिको मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यांच्या अंगावर झेपावला आहे. मोतीचे छातीवर पाय टेकणे वाचताना मला तोच आठवला.

उंबरठा
जुनेपान, इटलीतला फिदोही असाच होता. कार्लो सोरिआनी या कामगाराला तो जखमी अवस्थेत सापडला होता आणि बरा झाल्यावर तो रोज धन्याला बसच्या थांब्यावरून घरी घेऊन येई. डिसेंबर १९४३ च्या बाँबवर्षावात सोरिआनी मारले गेले. फिदो १९५८ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्या थांब्यावर जात राहिला. हाचिकोइतके त्याचे नाव झाले नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

रातराणी
माझ्या आठवणीतला काळू माझा नव्हता, खरे तर कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल लिहावेसे वाटते. मी रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारपाळी संपवून बसथांब्यावर उतरेपर्यंत रात्रीचे अकरा वाजून जात आणि तिथून घरापर्यंतचा रस्ता अंधारा व निर्मनुष्य असे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांतच एका रात्री काळा, एक कान चिरलेला, बरगड्या दिसणारा एक कुत्रा माझ्या पुढे चालू लागला. मी घाबरून थांबले, तर तोही थांबला. तो जवळ आला नाही आणि शेपूटही हलवली नाही. मान वळवून फक्त पाहत राहिला. मी चालू लागल्यावर तो पुन्हा पुढे झाला आणि आमच्या इमारतीच्या दारापाशी पोहोचल्यावर आल्या वाटेने परत गेला.

हे पुढे रोजचेच झाले. रस्त्यावर दिव्याचे खांब दूरदूर होते. तो प्रत्येक खांबाच्या उजेडात थांबून मी येण्याची वाट पाही आणि मी उजेडात शिरले की पुढचा अंधाराचा पट्टा ओलांडायला निघे. एकदा वाटेत तिघे जण गाडीला टेकून उभे होते आणि मला पाहून त्यांनी काहीतरी उद्गार काढले. काळू त्या रात्री प्रथमच माझ्या पुढे न राहता माझ्या गुडघ्याला अंग घासत, त्यांच्या बाजूने चालला. तो भुंकला नाही. त्याच्या घशातून एक खोल, न थांबणारी गुरगुर येत होती आणि ती त्याच्या अंगातून माझ्या पायाला जाणवत होती. त्या तिघांनी वाट सोडली.

माझी सुट्टी असे तेव्हाही तो थांब्यावर शेवटची बस येईपर्यंत बसून राही, असे आमच्या इमारतीच्या रखवालदाराने मला सांगितले. ते कळल्यावर सुट्टीच्या दिवशी रात्री मी थांब्यावर जाऊन त्याला भेटून येऊ लागले. घरच्यांना ते विचित्र वाटे, पण त्याला ताटकळत ठेवणे मला जमले नाही.

गवतफूल
रातराणी, गुडघ्याला अंग घासत चालण्याचे वाक्य दोनदा वाचले. चिरलेल्या कानांची ही मंडळी माणसे फार अचूक निवडतात.

मातीचा दिवा
आतापर्यंत सगळ्यांनी कुत्र्याने माणसाला कशी साथ दिली ते लिहिले आहे. मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण ही निष्ठा एकतर्फी कधीच नसते.

आमची कुत्री चिमणी चार महिन्यांची असताना तिला डिस्टेंपर हा कुत्र्यांना होणारा विषाणूजन्य आजार झाला. डोळे चिपडांनी चिकटत, नाकातून सतत स्राव वाही आणि नंतर झटके येऊ लागले. ती वाचण्याची शक्यता कमी आहे, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले होते. माझ्या आईला तोपर्यंत कुत्र्यांची मुळीच आवड नव्हती, पण तीच रात्रभर जागून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने चिमणीचे डोळे पुसत असे, दर काही वेळाने सिरिंजने तिच्या गालाच्या आतल्या बाजूस पाणी सोडत असे आणि झटका आला की डोके आपटू नये म्हणून भोवती उशा लावत असे. चिमणी वाचली. तिचा जबडा आयुष्यभर किंचित थरथरत राहिला आणि नव्याने आलेल्या दातांवर आडव्या, खडबडीत रेषा उमटल्या, कारण दात आतून तयार होत असतानाच आजाराने त्यांचे वरचे कठीण कवच बिघडवले होते. त्यानंतर चिमणीने आईची पाठ सोडली नाही; आई स्नानाला गेली तरी ती बंद दाराला नाक लावून बसलेली असे.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वी एक पुरुष आणि एक स्त्री यांच्याबरोबर तिथे एक कुत्राही पुरला होता. त्या पिल्लाच्या दातांवर तशाच रेषा आहेत. संशोधकांनी २०१८ साली मांडले की त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता, तो अनेक आठवडे आजारी होता आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय त्याचे इतके दिवस जगणे शक्य नव्हते. ते जेमतेम सात महिन्यांचे पिल्लू होते. आजारी असताना ते शिकारीच्या किंवा राखणीच्या कामाचे नव्हते, तरीही कुणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजले, स्वच्छ ठेवले आणि शेवटी आपल्या माणसांबरोबर निजवले. हे वाचले तेव्हा मला कापूस हातात घेतलेली आई दिसली.

महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चाललेला कुत्रा सर्वांना आठवतो. पण त्या प्रसंगात परीक्षा कुत्र्याची नव्हती. इंद्राने रथ समोर उभा केला असताना, जो भक्तीने बरोबर आला त्याला मी टाकणार नाही, हे युधिष्ठिराला म्हणावे लागले होते.

सांजतारा
मातीचा दिवा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

अबोली
विषयाला धरूनच एक विचारायचे आहे. आमचा बंड्या आता फार म्हातारा झाला आहे. तरुणपणी माझ्या मुलाला पाळण्यात रडू आले की तो मला स्वयंपाकघरातून बोलावून नेई. आता तोच रात्री उठून घरभर फिरतो, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो आणि कधी कधी मला पाहूनही ओळख दाखवत नाही. ज्याने इतकी वर्षे आम्हाला ओळखले, त्याने असे परके व्हावे याचा फार त्रास होतो. कुणाला असा अनुभव आहे का?

कडुनिंब
अबोली, मी पशुवैद्यकीय दवाखान्यात बरीच वर्षे मदतनीस म्हणून काम करत आहे. वृद्ध कुत्र्यांमध्ये माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा विकार होतो. कोपऱ्यात अडकून उभे राहणे, दिवसा झोपणे व रात्री भटकणे, सवयीची माणसे न ओळखणे ही त्याची लक्षणे आहेत. बंड्या तुम्हाला विसरला असे मनाला लावून घेऊ नका. त्याला या क्षणी आपण कुठे आहोत हेच उमगत नसते. आधी त्याला पशुवैद्यांना दाखवा, कारण सांधेदुखी, अंधत्व, बहिरेपणा, मूत्रपिंडाचा विकार किंवा उच्च रक्तदाब यांमुळेही असेच वागणे दिसू शकते आणि त्यांपैकी काहींवर उपचार करता येतात. घरातल्या सामानाची जागा बदलू नका, त्याच्या खाण्याच्या व फिरण्याच्या वेळा पक्क्या ठेवा, रात्री मंद दिवा चालू ठेवा आणि निसरड्या फरशीवर पायपुसणी अंथरा. त्याला मागून एकदम हात लावू नका. आधी हाताची पाठ त्याच्या नाकाजवळ धरा, कारण दृष्टी आणि श्रवण मंदावल्यावरही वास घेण्याची शक्ती बऱ्याच अंशी शिल्लक असते.

अबोली
कडुनिंब, मनापासून आभार. परवाची वेळ घेतली आहे. मंद दिवा कालपासूनच लावला आणि हात नाकाजवळ धरल्यावर त्याने तो चाटला. आता मुलालाही हीच सवय लावत आहे.

पाऊलवाट
अबोली, तपासणीत काय निघते ते अवश्य कळवा. रातराणी, काळूचे पुढे काय झाले ते तुम्ही लिहिले नाही. तो आहे ना?

रातराणी
आहे, आणि चांगला आहे. माझी बदली झाल्यावर आमच्याच विभागातल्या एका नवीन परिचारिकेला मी आठवडाभर माझ्याबरोबर त्या रस्त्याने चालवत नेले. सुरुवातीला तो आमच्या दोघींपासून अंतर राखून चाले, मग तिच्याही पुढे चालू लागला. आता त्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्यावर तिचा व माझा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे. रेबीजची वार्षिक लस टोचताना तो अजून इतर कुणालाही मान धरू देत नाही, म्हणून त्या दिवशी मी रजा टाकून जाते. या वर्षीची लस येत्या रविवारी आहे. कडुनिंब, त्याच्या चिरलेल्या कानाच्या कडेला अलीकडे खपल्या धरत आहेत. त्याच वेळी डॉक्टरांना कान दाखवला तर चालेल, की त्यासाठी वेगळे न्यावे लागेल?

कडुनिंब
त्याच वेळी दाखवा, पण लस टोचण्याच्या आधी दाखवा. खपल्या खरजेच्या असतील किंवा त्याला ताप असेल, तर लस पुढे ढकलायची का, ते डॉक्टर ठरवतील.